वेसाव्याची पायी फेरी

मुंबईच्या नकाशावर ज्याला वर्सोवा म्हणतात आणि तेथील कोळी ज्याला आजही वेसावे किंवा वेसावा म्हणतात, त्या गावाविषयी शहरातील सामान्य माणसाची कल्पना मेट्रोच्या अखेरच्या स्थानकापलीकडे क्वचितच जाते. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो धावू लागली आणि तेव्हापासून हे नाव लाखो उतारूंच्या कानांवरून जाते. परंतु ज्या गावाचे हे नाव, ते गाव त्या स्थानकापासून चांगले पाऊण तासाच्या चालीवर, अरबी समुद्र आणि मालाडची खाडी जेथे एकमेकांस मिळतात त्या भूशिरावर, शहराकडे पाठ आणि पाण्याकडे तोंड करून वसलेले आहे. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचे देवालय आणि त्याच्या अवतीभवती बाजारपेठ अशी जी जुन्या कसब्याची मांडणी दिसते, तिचेच एक निराळे रूप येथे पाहावयास मिळते. भेद इतकाच की, तलावाचे पाणी वर्षभर आपली पातळी सांभाळून असते, आणि वेसाव्याचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. त्या चढउतारानेच येथील बाजाराची, बंदराची आणि घराघरातील निजण्याउठण्याची वेळ ठरविलेली आहे.

म्हणून या फेरीला वाटाड्या लागत नाही; लागते ते पंचांग. भरतीची वेळ काढण्याचे कोकणपट्टीतील जुने गणित असे आहे की, तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, आणि जो आकडा येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती समजावी. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तेव्हा सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा मध्याह्नाच्या अलीकडे भरती आणि पहाटे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे दोन्हींतले अंतर कमी होते. आपल्या फेरीसाठी उधाणाच्या दिवसांतील सकाळ उत्तम. पहाटेच्या ओहोटीने वाळू दूरवर मोकळी झालेली असते, तेव्हा सातच्या सुमारास किनाऱ्याने निघावे. नऊच्या आत बाजारात पोहोचावे. आणि दहा-साडेदहाला, खाडीत पाणी भरू लागले म्हणजे, बंदरावर उभे राहावे. ऋतूंपैकी कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ चालण्यास सुखाचा. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची मनाई असते, तेव्हा बाजार ओसरतो. मात्र ज्याला नौकांची डागडुजी आणि जाळ्यांची तुणाई पाहावयाची असेल त्याने मुद्दाम त्याच दिवसांत यावे.

पायाला चाल देण्यापूर्वी गावाचा पूर्वेतिहास थोडक्यात ध्यानी घेतलेला बरा. साष्टी बेटाच्या पश्चिम कडेवरचे हे बंदर. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहान्वये वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबई ही बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली, आणि पुढे दोन शतके या किनाऱ्यावर फिरंग्यांचा अंमल राहिला. खाडीच्या मुखावर, पलीकडच्या मढ गावाच्या बाजूस, सतराव्या शतकात त्यांनी जो टेहळणीचा किल्ला उभारला, तोच वेसाव्याचा किल्ला. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, तो मराठ्यांच्या हाती आला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडल्यावर सगळ्या साष्टीवर पेशव्यांची जमाबंदी सुरू झाली. ही सत्ता पस्तीस वर्षे टिकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व वेसावे घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. तीन राजवटींनी या बंदराकडे जकातीचे आणि चौकीचे ठिकाण म्हणून पाहिले. कोळ्यांनी त्या तिन्ही राजवटींत मासे धरले आणि विकले. मुंबईची महानगरपालिका येथवर आली ती १९५० मध्ये, अंधेरीचा प्रदेश बृहन्मुंबईत सामील झाला तेव्हा. गावाच्या मानाने शहर हे फार उशिरा आलेले आहे, ही गोष्ट चालताना मनात असावी.

मेट्रोतून उतरल्यावर पश्चिमेस वळावे आणि सात बंगल्यांच्या रोखाने चालू लागावे. या वस्तीचे नाव ज्या सात वास्तूंवरून पडले, त्या एकेकाळी समुद्राची हवा खाण्याकरिता धनिकांनी व संस्थानिकांनी बांधल्या होत्या. ग्वाल्हेर व कच्छ येथील महाराजांची नावे त्यांच्या मालकांत सांगितली जातात. त्या वास्तूंच्या जागी आता बहुतेक ठिकाणी उंच इमारती उभ्या आहेत, आणि बंगल्यांची गणती केवळ पत्त्यात उरली आहे. तथापि या परिसराला एका थोर पुरुषाच्या वास्तव्याचे महत्त्व आहे. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून स्वराज्याची मागणी उच्चारणारे दादाभाई नौरोजी दुसऱ्याच वर्षी सार्वजनिक धकाधकीतून निवृत्त होऊन वेसाव्यास राहावयास आले, आणि ३० जून १९१७ रोजी त्यांचे देहावसान होईपर्यंतचा सुमारे दशकभराचा काळ त्यांनी येथे व्यतीत केला. हिंदुस्थानच्या संपत्तीचा निचरा कसा होतो याचा हिशेब ज्यांनी ब्रिटिश पार्लमेंटाला आकड्यांनिशी ऐकविला, त्या वृद्धाने आपल्या अखेरच्या वर्षांसाठी हा कोळ्यांचा किनारा निवडला. त्या काळी अंधेरी स्थानकावर उतरून मैलोगणती वाट तुडविल्यावाचून येथे कोणास येता येत नसे. तरीही सल्लामसलतीसाठी पुढारी येत, आणि होमरूल लीगच्या अध्यक्षपदासाठी ॲनी बेझंट यांनी १९१५ मध्ये ज्यांची संमती मिळविली ते नव्वदीचे दादाभाई याच वेसाव्याचे रहिवासी होते.

सात बंगल्यांपाशी वाळूवर उतरले की उत्तरेकडे वळावे. येथून गावापर्यंत किनारा जवळजवळ सरळ जातो. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला इमारतींची रांग. या वाळूची अलीकडची कथा तिच्या प्राचीनतेहून कमी उद्बोधक नाही. खाडीतून व नाल्यांतून वाहून आलेले प्लास्टिक येथे इतके साचले होते की, काही ठिकाणी वाळू दृष्टीसच पडत नसे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या किनाऱ्यालगत राहणाऱ्या वकिलांनी शेजाऱ्याच्या सोबतीने कचरा उचलण्यास आरंभ केला. हळूहळू विद्यार्थी, कोळी, नोकरदार असे असंख्य लोक प्रत्येक आठवड्याच्या अखेरीस येऊ लागले, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. आज किनारा निष्कलंक आहे असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही, कारण प्रत्येक पावसाळ्यात समुद्र शहराने दिलेले शहरास परत करतो. परंतु जे एकदा स्वच्छ झाले ते पुन्हा स्वच्छ करता येते, एवढा विश्वास या वाळूने मुंबईकरांस दिला आहे. गणेशविसर्जनाच्या दिवसांत याच किनाऱ्यावर अलोट गर्दी लोटते. अंधेरीचा राजा म्हणून विख्यात असलेली मूर्ती अनंत चतुर्दशीला न येता पुढील संकष्टीला येथे येते, आणि तिला खोल पाण्यात नेण्याचे काम गावचे कोळी करतात.

किनाऱ्याला समांतर, आतल्या बाजूने यारी रोड जातो. वाटेत आराम नगर लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बराकींची ही वस्ती आता चित्रपटांच्या व मालिकांच्या ऑडिशनांसाठी देशभरातून येणाऱ्या तरुणतरुणींची तीर्थभूमी झाली आहे. यारी रोडलगतच केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे आवार आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९८९ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा असलेल्या या संस्थेतून शिकलेले मत्स्यशास्त्रज्ञ देशाच्या सर्व किनाऱ्यांवर आणि जलाशयांवर काम करीत आहेत. मत्स्यविद्येच्या अशा केंद्रासाठी कोळीवाड्याच्या शेजाराहून योग्य जागा मुंबईत दुसरी सापडली नसती.

येथून पुढे रस्ता आक्रसतो, रिक्षांची ये-जा मंदावते, आणि वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. तेथे वेसावे गाव सुरू झाले असे समजावे. गावाची रचना गल्ल्यांची आहे, आणि गल्ली हा शब्द येथे केवळ वाटेचा वाचक नाही. बाजार गल्ली, मांडवी गल्ली, डोंगरी गल्ली, शिव गल्ली, पाटील गल्ली, तेरे गल्ली, बुधा गल्ली अशी त्यांची नावे; प्रत्येकीची स्वतंत्र जमात आणि उत्सवात स्वतंत्र मान. होळीच्या आदल्या रात्री गल्लीगल्लीच्या मिरवणुका निघतात, आणि नारळी पौर्णिमेस नौका सजवून समुद्राला नारळ अर्पण केला जातो. ज्या महानगरात एका मजल्यावरील दोन बिऱ्हाडे परस्परांस ओळखत नाहीत, तेथे एका गल्लीचा कारभार पिढ्यान् पिढ्या गल्लीनेच चालवावा, ही व्यवस्था समाजशास्त्राच्या अभ्यासकाने येऊन पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्राला घरोघर ठाऊक असलेली कितीतरी कोळीगीते गाणारा ‘वेसावकर आणि मंडळी’ हा संच याच गावचा, हेही येथे सांगितले पाहिजे.

गल्ल्यांतून चालण्याचा शिष्टाचार असा की, घाई करू नये, आणि उंबरठ्यावर बसून काम करणाऱ्या माणसांचे छायाचित्र विचारल्यावाचून घेऊ नये. घरे एकमेकांस खेटून आहेत. जुन्या कौलारू घरांच्या जागी दुमजली-तिमजली पक्की घरे झाली आहेत, परंतु पुढचा ओटा बहुतेकांनी राखला आहे, कारण जाळे तुणावयास आणि मासळी निवडावयास ओट्यावाचून गत्यंतर नाही. हिंगळादेवीचे देऊळ हे गावचे श्रद्धास्थान आहे. आणि आरोग्यमातेचे चर्च पाहिले म्हणजे पोर्तुगीज अंमलात ख्रिस्ती झालेल्या, पण मराठी बोलीपासून न तुटलेल्या ईस्ट इंडियन समाजाचीही ही भूमी आहे, याचे स्मरण होते. समुद्राच्या बाजूस बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. बोंबलाच्या अंगात पाण्याचा अंश फार, त्यामुळे तो ताजा फार वेळ टिकत नाही. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांची जोडी वलांडीवर टाकतात आणि वारा व ऊन त्यातले पाणी काढून घेतात. जमिनीवर पसरलेला जवळा ओलांडून जाऊ नये, वळसा घालावा. ते कोणाच्या तरी घरचे चार महिन्यांचे उत्पन्न असते.

बाजाराची जागा विचारावी लागत नाही. कोळणींचा आवाजच तेथे घेऊन जातो. बंदरावर उतरलेल्या मालाचा लिलाव होतो, त्यातला मोठा भाग बर्फात घालून गाड्यांनी शहरातील बाजारांकडे आणि निर्यातदारांकडे रवाना होतो, आणि उरलेला कोळणींच्या पाट्यांत येतो. समुद्रावर पुरुषाचा अंमल आणि बाजारावर स्त्रीचा, ही या समाजातील जुनी वाटणी. भाव ठरविणे, उधारी देणे, वसुली करणे आणि पैसा गाठीस बांधणे हा सारा कारभार स्त्रीच्या हाती. ‘बघ रं दादा, पहाटंचा म्हावरा हाय, हात लावून बघ,’ असे एका वयस्क कोळणीने मला म्हटले, तेव्हा त्या एकेरी संबोधनात अनादराचा लवलेशही नव्हता; पाटीसमोर आलेला न्यायाधीश काय आणि कारकून काय, तिच्या लेखी दोघेही गिऱ्हाइकेच. हात लावून काय पाहावे, तेही तिने सांगितले. पापलेटाचा कल्ला दाबला असता पांढरे पाणी आले तर ते ताजे, लालसर आले तर शिळे. मासळीचा डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, आत खचलेला नसावा. बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर यावे. रुपेरी पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि त्याचा भावही त्या पदाला साजेल असाच असतो. ज्याचा खिसा तितका खोल नाही त्याने मांदेली, करंदी, ओले बोंबील किंवा ढोमे यांचा वाटा घ्यावा. वाटा म्हणजे तराजूवाचून, नजरेने केलेला ढीग. त्यात घासाघीस करण्याची मुभा असते, परंतु ती कोळणीला हसू येईल इतपतच करावी.

बाजारातून खाडीच्या बाजूस गेले की बंदर लागते. ओहोटीच्या वेळी येथे चिखलाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो आणि नौका त्यात कलून रुतलेल्या असतात; पाणी चढू लागले म्हणजे त्या एकेक करून सरळ होतात, आणि बाहेर थांबलेल्या नौका आत येऊ लागतात. नौकेचा मालक तो नाखवा, तिला चालविणारा तांडेल आणि हाताखालचे खलाशी, ही श्रेणी आजही कायम आहे. या बंदराचे खास जाळे म्हणजे डोल. ते भल्यामोठ्या पिशवीच्या आकाराचे असते. त्याचे तोंड पाण्याच्या ओढीसमोर रोखून ते समुद्रात पक्के बांधतात, आणि ओढ जे घेऊन येईल ते निमुळत्या टोकात साठते. पाणी फिरण्याच्या आत ते उचलावे लागते, नाहीतर उलटी ओढ माल बाहेर काढते. बोंबील, जवळा, करंदी हे या जाळ्याचे उत्पन्न, आणि म्हणूनच ज्याला भरतीओहोटीचे गणित येत नाही त्याने डोलीच्या वाटेस जाऊ नये. नाखव्यांशी बोलावयास बसले की तक्रारी ऐकू येतात: खाडी गाळाने भरत चालली, किनाऱ्याजवळची मासळी दूर गेली, डिझेल आणि बर्फ महागले, आणि तरुण मुले नोकरी बरी म्हणू लागली. ओशिवरा नदी आणि कित्येक नाले उपनगराचे सांडपाणी याच खाडीत आणून सोडतात, हे ज्याने किनाऱ्याने चालत येऊन पाहिले आहे त्याला या तक्रारींची सत्यता पटविण्याची आवश्यकता राहत नाही.

बंदराजवळूनच मढला जाणारी तर सुटते. चार रुपये कमी की जास्त याची चिकित्सा न करता तीत चढावे. मुंबईत इतक्या अल्प दामात इतका मोठा पालट दुसरीकडे मिळत नाही. मोटारसायकलीही तीतून पलीकडे जातात. पाण्यावरचे हे अंतर काही मिनिटांचे आहे. तेच सडकेने जावयाचे तर अंधेरी, मालाड, मार्वे असा वीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. खाडीच्या मध्यावर आले म्हणजे मागे वळून पाहावे: पुढे नौकांची दाटी, त्यामागे गावची बसकी घरे, आणि त्यांच्या पाठीशी उंच इमारतींची भिंत. एका दृष्टिक्षेपात गाव आणि शहर यांचे परस्परांशी असलेले नाते येथून जितके स्पष्ट दिसते तितके जमिनीवरून दिसत नाही. खाडीच्या आतल्या बाजूस तिवरांचे हिरवे पट्टे आहेत. मासळीची पिल्ले त्यांच्या मुळांच्या आश्रयाने वाढतात, म्हणून कोळ्यांच्या दृष्टीने तिवर म्हणजे उद्याचे भांडवल.

मढच्या धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, रिक्षाही मिळतात. किल्ला लहान आहे, पण त्याची जागा निवडणाऱ्याची नजर मोठी होती. येथून खाडीचे मुख आणि उघडा समुद्र दोन्ही एकाच वेळी टप्प्यात येतात, आणि कोणतेही गलबत चौकीच्या नजरेस पडल्यावाचून आत शिरू शकत नाही. बाहेरचा तट व बुरूज बऱ्यापैकी शाबूत आहेत, आतील इमारती मात्र ढासळल्या आहेत. हा परिसर भारतीय वायुदलाच्या ताब्यात असल्याने आत जाण्यास परवानगी लागते. ज्या चित्रपटांचे चित्रीकरण येथे झाले त्यांनी ती घेतलेली असते, आपल्यासारख्याने बाहेरूनच दर्शन घ्यावे हे उत्तम. किल्ल्याच्या पायथ्याशी किल्लेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या सावलीत बसून समुद्राकडे पाहिले म्हणजे पोर्तुगीज, पेशवे आणि इंग्रज या तिघांनाही हा एवढासा कोट का हवासा वाटला, हे निराळे सांगावे लागत नाही. ज्याला आणखी चालण्याचा उत्साह असेल त्याने उत्तरेस एरंगळला जावे. तेथे समुद्राच्या काठी १५७५ मधील सेंट बोनाव्हेंचरचे चर्च आहे, आणि जानेवारीतील दुसऱ्या रविवारी तेथे मोठी जत्रा भरते. परतीसाठी मढ जेट्टीहून मालाड स्थानकाकडे जाणारी बेस्टची २७१ क्रमांकाची बस सोयीची.

वांद्र्याहून वर्सोव्यापर्यंतचा सुमारे १७ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू समुद्रात उभा राहत आहे, आणि वर्सोवा-मढ पुलाचीही योजना आहे. पूल झाले म्हणजे वळसा वाचेल, रुग्णाला इस्पितळ जवळ येईल, आणि मढच्या विद्यार्थ्याला महाविद्यालय गाठणे सुकर होईल. याविषयी कुरकुर करण्याचा अधिकार हौसेने फिरणाऱ्यास नाही. परंतु पुलाच्या खांबांमधून नौका कशा जातील, डोली बांधण्याच्या जागांचे काय होईल आणि कोळीवाड्यांच्या सीमा सरकारी कागदांवर कशा आखल्या जातील, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र ज्यांनी येथे शतकानुशतके मासे धरले त्यांना निःसंशय आहे, आणि त्यांची उत्तरे बांधकामाच्या आधी मिळावयास हवीत. तोपर्यंत वाचकाला एवढेच सांगणे आहे: वेसावे पाहावयाचे तर पायी पाहावे, तिथी पाहून निघावे, बाजारात काही तरी विकत घ्यावे, आणि पलीकडे जाताना तरीनेच जावे. जानेवारीत गावकरी मासळीचा मोठा महोत्सव भरवितात, तेव्हा गर्दी फार असते. गाव पाहण्यासाठी मात्र साधा कामाचा दिवसच बरा, कारण त्या दिवशी वेसावे कोणाला दाखविण्यासाठी सजलेले नसते, आपल्या उद्योगात असते.